बदली : मकबूल

लातुरात फुटबॉल बघणारी माणसं तेव्हा थोडीच होती आणि ती सगळी माझ्या दुकानाच्या ओट्यावर बसायची. नुसती बसली असती तर माझी ना नव्हती. पण ती मशीनला टेकायची, माझ्या कैचीने नखं कापायची, आणि गोलपोस्ट किती रुंद असतो यावर भांडण लागलं की माझाच मापाचा टेप ओढून न्यायची. माझं नाव साहेबराव, धंदा शिवणकामाचा. एप्रिलमध्ये जयंतीचे पांढरे कपडे शिवून हातावेगळे झाले की मे महिन्यात मला जरा उसंत मिळते. त्या उसंतीवर गोलाई इलेव्हनने डल्ला मारलेला होता.

गोलाई इलेव्हन हा आमचा क्लब. गंजगोलाईतल्या दुकानदारांनी काढला म्हणून हे नाव. नावातच गोल आहे म्हणून गोल खातात, असं बाहेरगावचे लोक म्हणायचे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. क्लबच्या बातम्यांसाठी माझ्या दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर एक फळा टांगलेला होता. त्यावर लिहायचे क्लबचे सेक्रेटरी हणमंतराव. ते एका सरकारी कचेरीत आस्थापनेच्या टेबलावर कारकून होते, म्हणजे कोण कुठून कुठं बदलून चाललंय हे ज्या टेबलावर सगळ्यात आधी कळतं तिथं.

ब्याऐंशी साली उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा झाला आणि गावात एवढ्या कचेऱ्या आल्या की भाड्याला खोली मिळेना. प्रत्येक कचेरीला माणसं हवी होती आणि ती बदलून यायची उन्हाळ्यात. मोठ्या शहरातले क्लब म्हणे पैसे मोजून खेळाडू आणतात. आमचे खेळाडू स्वतःच ट्रंक आणि वळकटी घेऊन एसटीतून उतरायचे. हणमंतराव फक्त डोळा ठेवून असायचे, की अमका तलाठी शाळेत सेंटर फॉरवर्ड होता, तमका कंपाउंडर डाव्या पायाचा आहे. मग त्याने लातूर मागून घ्यावं म्हणून त्याला पत्रं लिहायचे, चार टेबलं फिरून शब्द टाकायचे. एकदा असाच एक कारकून मोठ्या खटपटीने आणला, तर तो कबड्डीचा निघाला. चेंडू सोडून माणसंच धरायचा.

जिल्हा झाल्यावरच्या पहिल्या उन्हाळ्यात फळ्यावर दोन मथळे असायचे, 'आले' आणि 'गेले'. त्या वर्षी आमचा हाफबॅक व्यंकटराव बदलून माहूरला गेला. हणमंतरावांनी लिहिलं, 'गेले : व्यंकटराव. क्लबची कधीही न भरून निघणारी हानी.' वर खडूने फुलांची महिरप काढली. दुसऱ्या दिवशी त्याची औशाची सासू आणि मामेसासरे रडत माझ्या दारात. सासूबाईंना पाणी पाजून, व्यंकटराव माहूरगडावर धडधाकट आहे आणि रोज देवीचं दर्शन घेतोय, हे पटवून देईस्तोवर माझी दुपार गेली. त्या दिवसापासून 'गेले' हा शब्द मी फळ्यावरून हद्दपार केला. त्याच्या जागी 'बदली' आला. फळ्यावर 'बदली : अमका' दिसलं की अमका दुसऱ्या गावी गेला, पण जिवंत आहे, हे सगळ्या गावाला पाठ झालं. हे एवढं लांबण लावून सांगतो, कारण पुढचा घोळ यातूनच झाला.

तो जिल्हा झाल्यानंतरचा दुसरा उन्हाळा. आदल्या साली पावसाने अर्ध्यातूनच पाठ फिरवली होती आणि मेमध्ये नळ कोरडे पडले. टँकर माझ्या दुकानासमोरच उभा राहायचा. सकाळपासून हंडे, घागरी, डबे रांगेला लागलेले. अशात सरावासाठी मैदानावर पाणी मारायचं नाव काढलं असतं, तर बायकांनी हंडे फेकून मारले असते आणि ते बरोबरच झालं असतं. मैदान भाजलेल्या विटेसारखं झालं होतं. पळणाऱ्याचं त्यावर निभतं. पण गोलकीपरला पडावं लागतं, आणि आमचा गोलकीपर होता मकबूल.

मकबूल पाटबंधारे खात्यात जीपचा ड्रायव्हर. वय चाळिशीला टेकलेलं, आणि गोलाई इलेव्हन निघाल्यापासून गोलात दुसरं कुणी उभं राहिलेलं गावाने बघितलं नव्हतं. दर उन्हाळ्यात त्याची बायको फरीदा जुन्या वाकळीचे तुकडे धुऊन, वाळवून माझ्याकडे आणायची आणि मी ते त्याच्या जर्सीच्या कोपरांना आतून लावून द्यायचो. "भाई, जाड लावा," ती म्हणायची. "जमीन सरकारची हाय, पन चमडी माझ्या घरची जाते."

फरीदाचं माहेर नांदेडचं. तिची आई बेगमबी तिथं एकटीच राहायची, नदीपासून जवळ, दारात पाण्याची विहीर. फरीदाला नांदेडला जायचं होतं. ती तसं बोलून दाखवायची नाही, पण टँकरवर नंबर लावून उभी असली की बरोबरच्या बायकांना त्या विहिरीबद्दल सांगायची, आणि एखाद्याने आपल्या मुलाबद्दल सांगावं तसं सांगायची. नांदेडजवळ विष्णुपुरीला खात्याचं धरणाचं मोठं काम चाललं होतं, तिथं ड्रायव्हर लागत. दर उन्हाळ्यात साहेब मकबूलला विचारायचे, जातोस का? दर उन्हाळ्यात मकबूल नाही म्हणायचा आणि घरी येऊन सांगायचा, साहेब सोडत नाहीत. खरं कारण मला माहीत होतं. तो नांदेडला गेला तर गोलात उभं कोण राहणार?

मे महिन्याच्या मध्यावर हणमंतराव एका पोलिसाला घेऊन आले. तो दारातून वाकून आत आला, यावरून काय ते ओळखा. नाव वीरण्णा, मूळचा निलंग्याकडचा, घरी कानडी बोलणारा, नव्या मुख्यालयात बदलून आलेला. माणूस मोठा गरीब. माप घेताना श्वास रोखून उभा राहिला.

"साहेबराव, एक नंबरची जर्सी याच्या मापानं," हणमंतराव म्हणाले.

"आन मकबूल?"

"बारा नंबर." हणमंतराव माझ्याकडे न बघता बोलत होते. "नांदेडच्या स्पर्धेवाल्यांनी कळवलंय, यंदा बदली खेळाडूंची नावं बी आधी जाहीर करा. मकबूल बदली राहील. वय झालं साहेबराव, मागच्या साली किती गोल खाल्ले बघितलं ना तुमी."

"त्याला सांगितलं का?"

"फळ्यावर लिहितोच की."

मला असा राग आला की टेप गुंडाळून गल्ल्यात टाकला. इतकी वर्षं ज्याच्या कोपरांची सालटी निघाली त्याला तोंडावर सांगायची हिंमत नाही, आणि निघाले फळ्यावर लिहायला. तेही माझाच कापडावर खुणा करायचा खडू उचलून. बाहेर जाऊन त्यांनी लिहिलं :

आले : वीरण्णा, गोलकीपर
बदली : मकबूल

आणि हात झटकून कचेरीत निघून गेले.

आता तुम्हीच सांगा, हे वाचून गावाने काय समजायचं? नवा गोलकीपर आला, कारण जुन्याची बदली झाली. ड्रायव्हरची बदली म्हणजे विष्णुपुरी, म्हणजे नांदेड. ओट्यावरच्या मंडळींनी एवढा हिशोब चहा यायच्या आत केला. कुणी हळहळलं, कुणी म्हणालं, बरं झालं, पाण्याच्या गावी चालला. दुपारपर्यंत बातमी टँकरच्या रांगेत पोचली. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर मकबूलला बसवलं हे मकबूलच्या आधी गावाला सांगितल्यासारखं झालं असतं, आणि ते पाप मला हणमंतरावांच्याच नावावर ठेवायचं होतं.

ऊन कलल्यावर फरीदा आली. काखेत रिकामा हंडा. फळ्यासमोर बराच वेळ उभी राहिली, मग हंडा ओट्यावर ठेवून आत आली. तिचा चेहरा असा उजळलेला मी कधी बघितला नव्हता.

"साहेबराव भाई, ट्रंकेला खोळ शिवायची हाय." वितीने लांबी-रुंदी दाखवत तिने निळं जाडंभरडं कापड माझ्यापुढं टाकलं. "एसटीच्या टपावर खराब होते ट्रंक. आन रांजन मी शेजारच्या तुळजाबाईला देऊन टाकला. इतका मोठा कुठं नेता? अम्मीच्या दारात तर विहीरच हाय."

शिंप्याला तोंडात टाचण्या धरून काम करायची सवय असते. तिचा त्या दिवशी मला फार उपयोग झाला. मी नुसती मान हलवली. ती गेल्यावर टाचण्या काढल्या आणि निळं कापड मशीनशेजारी ठेवलं.

मकबूल संध्याकाळी शिरूर अनंतपाळचा दौरा करून परतला. साहेबांना घेऊन तो गावोगावच्या आटलेल्या विहिरी बघत फिरत होता, त्यामुळं भुवयांपर्यंत धूळ. जीपमधून उतरतो न उतरतो तोच ओट्यावरच्यांनी त्याच्या गळ्यात हार घातला, एकाने नारळ हातात दिला. तो गोंधळून हसत होता. मग त्याने फळा वाचला. वाचून माझ्या मशीनकडे बघितलं. मशीनवर नवी जर्सी पसरलेली होती. पाठीवर एक नंबर, आणि बाह्या त्याच्या हातांपेक्षा वीतभर लांब.

त्याला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. तो हार काढून आत आला आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसला. मला इतकं वाईट वाटलं की मी उगाचच मशीनमध्ये तेल घालत बसलो.

"ही बदली म्हंजी बाहेर बसायचं, न्हाई का?"

"हाव."

"बरोबर हाय. मागच्या साली मला चेंडू उशिराच दिसून राहिला होता." मग त्याने निळ्या कापडाकडे बोट केलं. "आन हे काय?"

"ट्रंकेची खोळ. भाभी टाकून गेल्या."

तो एकदम ताठ झाला. "तिला कुनी सांगितलं?"

"फळ्यानं."

"आन तू? तू सांगितलं न्हाईस, ही ती बदली न्हाई म्हनून?"

"माझ्या तोंडात टाचन्या होत्या, मकबूल."

तो हसला, आणि हसता हसताच त्याचे डोळे भरून आले. "रांजन बी देऊन बसली का?"

"हाव. तुळजाबाईला."

"दर साल साहेब इचारायचे, साहेबराव. दर साल मी न्हाई म्हनलो. गोलात उभं राहायचं म्हनून. घरी मात्र साहेबाचं नाव. आता जाऊन कोनत्या तोंडानं सांगू, की तुझी विहीर अजून तिथंच हाय आन आपुन इथंच?"

"सांगू नको. उद्या जा आन साहेबाला हो म्हन."

"आन आता त्यांनीच न्हाई म्हनलं तर?"

मकबूल नारळ माझ्याकडेच ठेवून घरी गेला. रांजण परत मागून आणायचा की नाही, एवढंच त्याला ठरवायचं होतं, आणि त्याने तो मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांपुढं उभा राहिला. साहेब म्हणाले, अरे, यंदाची नावं कधीच वर गेली, आता काय सांगता येतंय, बघू. या 'बघू'वर पुढचे दिवस गेले. इकडे गावाला कसली घाई झाली होती कोण जाणे. आज पानवाल्याकडून टॉवेल-टोपी, उद्या पेंटरकडून चहा. मकबूल मान खाली घालून सगळं घेत होता. नारळांची पिशवी घेऊन घरी जाताना त्याचा चेहरा बघवायचा नाही. ऑर्डर आली नसती तर हे सगळे नारळ त्याला दारोदार परत करावे लागले असते, पण ते एक वेळ सोपं होतं. फरीदापुढं उभं राहणं अवघड होतं.

अशात हणमंतराव एका सकाळी खडू शोधत आले. "साहेबराव, लोकांचा लई गैरसमज झालाय हो. फळ्यावर खुलासा टाकतो, बदली म्हंजी राखीव खेळाडू म्हनून."

"एक अक्षर जरी लिहिलं तर हा फळा चुलीत घालीन," मी म्हणालो. गिऱ्हाईक बसलेलं होतं, तरी मी ओरडलो. "तुमचा खुलासा तुमच्यापाशी ठेवा. ही खोळ बघितली का? ही कुनाची हाय म्हाईत हाय का?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. विहीर सांगितली, रांजण सांगितला. हणमंतराव तिथंच ओट्यावर बसले. माणूस वाईट नाही हो तो. कुणाला तोंडावर वाईट सांगायचं म्हटलं की तो खडू शोधायला लागतो, एवढंच. उठले ते रजेचा अर्ज टाकून दुपारच्या एसटीने नांदेडला गेले. जन्मभर माणसं लातूरला आणायला टेबलं फिरलेला हा माणूस, आपला एक माणूस बाहेर पाठवायला पहिल्यांदाच फिरत होता.

मी आपल्या परीने वेळ काढत होतो. फरीदा रोज टँकरवरून जाताना विचारायची, "झाली का खोळ?" मी कधी म्हणायचो, दोरा संपलाय. कधी म्हणायचो, आतून अस्तर लावतोय. नंतर कडेने लाल पट्टी लावली. पट्टी झाल्यावर बंद लावले. शेवटी ती हसायलाच लागली. "भाई, ट्रंकेची खोळ शिवून राहिले का नवरीचा घागरा?"

आणि मग एका दुपारी मकबूल आला. चालतच आला, जीप नव्हती. वीरण्णा जर्सी घालून बघत होता आणि हणमंतराव त्याला हात वर करायला लावत होते. मकबूलने सरकारी शिक्क्याचा कागद माझ्या मशीनवर ठेवला. विष्णुपुरी. मी तो दोनदा वाचला. हणमंतरावांनी वाचला. वीरण्णाने काय ते ओळखलं आणि एक नंबरची जर्सी काढून मकबूलपुढं धरली. "अण्णा, जायच्या आधी एक दिवस तुमीच घाला की हो."

"मला लांब होते, बाबा," मकबूल म्हणाला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "डाव्या कोपऱ्यावर ध्यान ठेव. तिथं जमीन उतरती हाय, चेंडू टप्पा घेऊन आत वळतो."

हणमंतरावांना मोठा आनंद झाला होता. ते खडू घेऊन फळ्याकडे धावले आणि तिथंच थबकले.

"काय लिहिणार?" मी विचारलं.

त्यांनी फळा वाचला, डोकं खाजवलं. काहीच लिहायचं राहिलं नव्हतं. धुळीने अक्षरं पुसट झाली होती, तेवढी त्यांनी पुन्हा गिरवली.

निघायच्या आदल्या दिवशी फरीदा खोळ न्यायला आली. मी घडी घालून हातात दिली. ती लाल पट्टीवरून बोटं फिरवत उभी राहिली.

"लई दिवस लावले भाई तुमी. म्हाईत हाय मला कशापायी."

माझा हात मशीनवरच थांबला. आज तोंडात टाचण्या नव्हत्या.

"मला वाचता येतं की," ती म्हणाली. "नांदेडला मराठी शाळेत सातवी झालेली हाय माझी. तुमी त्या वीरण्णाचं माप घेत होते तवा मी समोर टँकरच्या रांगेत होते. आन खात्याची आर्डर आली असती तर ती आधी ह्यांच्या खिशात आली असती, फळ्यावर कशी येईल? ही बसवायची बदली हाय, हे मला तवाच समजलं."

"मग रांजन?"

"रांजन घरात असता तर हे राहिलेच असते. बारा नंबर घालून बाहेर बसले असते, पन राहिले असते. दर साल हे म्हनायचे, साहेब सोडत न्हाई, आन खाली ताटात बघायचे. साहेबाचं नाव घेताना मानूस ताटात कशाला बघंल?" ती हे रागाने बोलत नव्हती. "इतकी वर्सं मी काई बोलले न्हाई. गोलातून त्यांना मी वढून काढलं असतं तर जन्मभर माझ्या माथी आलं असतं. फळ्यानं काढलं. मी फक्त रांजन देऊन टाकला."

"मकबूलला म्हाईत हाय का हे?"

"न्हाई. आन तुमी सांगू नका." तिने खोळ छातीशी धरली. "ते मला लई खुशीनं नांदेडला घेऊन चाललेत. घेऊन जाऊ द्या त्यांना."

ओट्यापर्यंत गेली आणि परत फिरली. पिशवीतून एक लहानसं गाठोडं काढून तिने मशीनवर ठेवलं. धुतलेले, वाळवलेले वाकळीचे तुकडे होते.

"हे वीरण्णाच्या कोपरांना लावा," ती म्हणाली. "जाड लावा. त्याची बी आई असंल कुठंतरी."

हंडा न घेता चालताना फरीदाला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. ती गेल्यावर मी एक नंबरची जर्सी उलटी केली आणि बाह्या उसवायला घेतल्या.